न दाबलेल्या मुठीचा आकडा

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. प्रत्यक्षात माझे कोणाशी फारसे सख्य नाही. मी मूठकाटा आहे. जुना आहे असे मी म्हणत नाही, पण माझ्या कपाटावर तशी चिठ्ठी डकवलेली आहे. भाजीवाल्याकडचा वजनकाटा बटाटे मोजतो, मी माणसाच्या मुठीचा जोर मोजतो. मला सायकलच्या ब्रेकसारखा एक लोखंडी दांडा आहे. तो मुठीत धरून आवळायचा. वर घड्याळाएवढी तबकडी आहे आणि तिच्यावर किलोचे आकडे आहेत. मला पाहून लहान मुलांना खेळणे वाटते आणि ती लगेच हात घालतात. तशा मुलांचा मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तबकडीवर दोन सुया आहेत. हे नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ इथेच झाला. काळी सुई दांडा दाबला की पुढे जाते आणि सोडला की शून्यावर परत येते. जाताना ती लाल सुईला आपल्यापुढे ढकलते. लाल सुई मात्र परत येत नाही. जिथपर्यंत ढकलली गेली तिथेच ती थांबून राहते, म्हणजे माणसाने हात काढून घेतल्यावरही त्याने जास्तीत जास्त किती जोर लावला ते सावकाश वाचता येते. मग पुढच्या माणसाआधी मधले बटण फिरवायचे आणि लाल सुई शून्यावर आणायची. बटण फिरवायला नाक शिंकरण्याइतकाही वेळ लागत नाही.

माझा जन्म मापयंत्रांच्या कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला उलटे टांगून दांड्याला एकेक वजन अडकवले आणि मी खरे बोलतो की नाही ते तपासले. मी खरे बोललो. आजतागायत मी खोटे बोललेलो नाही आणि तरीही माझ्या नावावर एक खोटे चिकटले आहे. तुम्हाला गोष्ट सांगायला बसलो आहे तो त्यासाठीच.

पहिली नोकरी एका क्रीडा महाविद्यालयात लागली. तिथली दांडगी मुले दातओठ खात माझ्यावर जोर लावत. आकडा मोठा आला की ती स्वतःची पाठ थोपटून घेत आणि लहान आला की म्हणत, काटाच बिघडलाय. माणसांची पहिली ओळख मला तिथे झाली. पुढे सुया नसलेले, नुसते आकडे उजळणारे एक नवे यंत्र आले. मग मला खोक्यात घालून एका इस्पितळाला देणगी म्हणून देण्यात आले. अडगळ काढली असे म्हणायला लाज वाटते तेव्हा माणसे देणगी म्हणतात.

इस्पितळात तळमजल्यावर, चादरींच्या कोठीला लागून एक लांबट खोली होती. चिरडलेले, कापलेले, मोडलेले हात तिथे पुन्हा कामाला लावायला शिकवत. टेबलावर कपडे वाळत घालायचे चिमटे असत, वाळूने भरलेला ट्रे असे, एका फळीवर बसवलेले नटबोल्ट असत आणि कोपऱ्यात गरम मेणाचे भांडे. खोली चालवणाऱ्या बाईंना सगळे हातवाली बाई म्हणत. बाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. कोणी कण्हला तर म्हणत, "दुखतंय म्हणजे जिवंत आहे. वाकवा." पण प्रत्येक रोग्याआधी त्या माझे बटण फिरवत आणि मोठ्याने "शून्य" म्हणत. समोरच्या रोग्याला वाटे आपल्यालाच म्हणाल्या, आणि तो रागाने जास्त जोर लावी. माझ्या आयुष्यात मला रीतसर वागवणारे हे एवढे एकच माणूस. 

इस्पितळामागच्या गल्ल्यांत पत्र्याचे कारखाने होते. डब्यांची झाकणे, चाळण्या, दिव्यांच्या टोप्या. पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरून प्रेस खाली येते, झाकण तयार. हात आत असताना प्रेस उतरू नये म्हणून तिला जाळी बसवलेली असते. पण जाळीने काम हळू होते म्हणून मुकादम ती काढून ठेवत. मग झाकणांबरोबर बोटेही ठोकली जात आणि ती बोटे घेऊन माणसे आमच्या खोलीत येत.

त्यांतलीच एक वहिनी. तिची सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. तिच्या उजव्या हाताची तीन बोटे प्रेसखाली आली होती. डॉक्टरांनी बोटे वाचवली होती, बोटे वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या जोडल्या होत्या. पण जोडलेली बोटे आपोआप चालत नाहीत. ती रोज वाकवावी लागतात, रोज उघडावी लागतात, नाहीतर आत सगळे एकमेकांना चिकटते आणि हात कायमचा आखडतो. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावले होते. "हे सहा-आठ महिने हातातले आहेत. या दिवसांत रोज यायचं. एकदा सांधे धरले की मी काही करू शकत नाही, दुसरं कोणीही करू शकत नाही."

वहिनीला प्रेसवर परत जायचे नव्हते. पलीकडच्या गल्लीत कपडे शिवायच्या कारखान्यात कापड कापणारी हवी होती आणि तिला ते काम येत होते. त्या कामाला मोठी कात्री लागते आणि कात्रीला मूठ लागते. म्हणून ती यायची. पहिल्या दिवशी तिने दाबले तेव्हा माझी सुई जेमतेम थरथरली. दीड-दोन महिन्यांत ती नऊ किलोपर्यंत आली. बाई म्हणाल्या, "बरं चाललंय." बाईंच्या तोंडून एवढे ऐकणे म्हणजे इतरांकडून हार घालून घेण्यासारखे होते.

आता वरच्या मजल्यावर चला. तिथे आरोग्य खात्याचे कार्यालय होते आणि तिथे आकडेसाहेब बसत. शहरात कोणत्या इजेने लोकांचे किती नुकसान झाले याचा तक्ता ते दरवर्षी काढत. नुकसान म्हणजे मेलेली माणसे. वाहनाखाली किती, पाण्यात किती, आगीत किती, उंचावरून पडून किती. त्या तक्त्यात हातांची एक ओळ होती आणि तिच्यापुढे शून्य असे, कारण बोटे चिरडून कोणी मरत नाही. आणि ज्याच्यापुढे शून्य आहे त्यासाठी एक खोली, एक बाई आणि मेणाचे भांडे कशाला पोसायचे, असे साहेबांचे म्हणणे होते. 

बाई मला हातात घेऊनच तरातरा वर गेल्या.

"मेलेल्याचा हिशेब एकदा करून मोकळे होता, साहेब. जगलेला रोज भोगतो. त्याला कुठल्या रकान्यात टाकता?"

"भोगणं मोजता येत नाही, बाई."

"येतं. तुम्हाला ठाऊक आहे की येतं."

मित्रांनो, खरेच येते. रीत अशी. माणूस किती अधू झाला त्याला एक वजन द्यायचे. ठणठणीत असेल तर शून्य, मेलेला असेल तर एक, आणि बाकीचे सगळे मध्ये कुठेतरी. मग तो माणूस तसा अधू राहून आणखी किती वर्षे जगेल त्याने त्या वजनाला गुणायचे. येईल तेवढी निरोगी वर्षे त्या इजेने त्याच्या आयुष्यातून काढून घेतली. अशी सगळ्या वस्तीची वर्षे मिळवली की न मेलेल्यांचा भारही दिसू लागतो. तीस वर्षांच्या बाईचा हात गेला तर तो भार साठी-सत्तरीपर्यंत चालतो. गोष्ट शहाणपणाची आहे. शहाणपणाची गोष्ट चुकीच्या माणसाच्या हातात गेली की काय होते ते पुढे ऐका.

साहेब नाइलाजाने कबूल झाले. "ठीक आहे. पत्रा गल्लीची घरोघर पाहणी करू. हातांचा भार दिसला तर खोली राहील. नाही दिसला तर कुलूप."

"मी मोजते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही. तुम्ही मोजलंत तर म्हणतील, स्वतःच्या खोलीसाठी आकडे फुगवले. तिऱ्हाईत माणूस मोजेल."

मुद्दा बरोबर होता. साहेबांचा हाच गुण मला सर्वांत जास्त चीड आणतो. ते नेहमी बरोबर मुद्दा चुकीच्या ठिकाणी वापरतात.

तिऱ्हाईत माणूस म्हणजे कार्यालयातले घाईराव. खरे नाव काही असो, खात्यात त्यांना घाईराव म्हणत आणि तेही ते कौतुकच समजत. बाईंनी त्यांना एका दुपारी शिकवले. "प्रत्येकाला तीनदा दाबायला लावायचं. तीनदा होईपर्यंत लाल सुईला हात लावायचा नाही, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा राहतो. तो लिहायचा. मग बटण फिरवून शून्य करायचं आणि मगच पुढचा माणूस." बाई हे सांगत होत्या तेव्हा घाईरावांचा फोन वाजला. ते ऐकत होते पण अर्ध्याच कानाने, आणि त्या अर्ध्या कानात एकच वाक्य शिरले: लाल सुईला हात लावायचा नाही. 

ते वाक्य त्यांनी व्रतासारखे पाळले. शिवाय त्यांना एक हौस होती. प्रत्येक घरी ते आधी स्वतः दाबून दाखवत. "हे बघा, असं," म्हणत आणि गाल फुगवून असा जोर लावत की माझी लाल सुई बेचाळीसवर जाऊन बसे. आणि ती तिथेच राही. त्यानंतर ज्याने ज्याने मला धरले त्याच्या नावावर घाईरावांची मूठ लागली.

तुम्ही विचाराल, लोकांना दिसले नाही का? नाही दिसले. माझी बांधणीच अशी आहे की दाबणाऱ्याला माझी पाठ दिसते आणि मोजणाऱ्याला तबकडी. 

गल्लीने आमचे स्वागत काय केले म्हणता? दारे धाडधाड लागली. विचारायचा प्रश्न ठरलेला होता: गेल्या वर्षभरात घरात कोणाला अशी इजा झाली का, की निदान एक दिवस रोजचे काम करता आले नाही? एका दारात उभ्या असलेल्या बाईचे अर्धे बोट नव्हते. ती म्हणाली, "नाही." घाईराव बोटाकडे बघत राहिले. ती म्हणाली, "खाडा नाही केला मी. दुसऱ्या दिवशी गेले कामावर. मग काय लिहिणार?" घाईरावांनी नियमाप्रमाणे 'इजा नाही' लिहिले. एक दिवस घरी बसणे ज्यांना परवडले त्यांनाच इजा झाली असे धरायचे, हा नियम ज्याने केला तो मला भेटायला हवा होता.

वहिनीच्या दारात तिची सासू बसली होती.

"पाहणीला आलोय, आजी."

"मी तुझी आजी कधी झाले? बूट बाहेर काढ. काय विकतोस?"

"विकत नाही, मोजतो. इजा झालेल्यांचे हात मोजायचेत."

"मोजून बोटं परत येणारेत का?"

"तसं नाही, पण सगळ्या शहराचा भार..."

"भार," सासूबाई म्हणाल्या. "घरातलं सगळं मी उचलते आणि भार याच्या शहराला."

वहिनी आतून हात पुसत आली. इजा झाली होती, काम बुडले होते, ती हो म्हणाली. घाईरावांनी गाल फुगवून दाबून दाखवले आणि मला तिच्या हातात दिले. तिची बोटे माझ्या दांड्याला ओळखीची होती. तिने मन लावून तीनदा दाबले. काळी सुई नऊपर्यंत गेली आणि परत आली. लाल सुई बेचाळीसवर होती ती जागची हलली नाही. 

"छान आहे मूठ," घाईराव लिहिता लिहिता म्हणाले.

वहिनी बघतच राहिली. "छान?"

"म्हणजे ठीकच्या वर आहे."

"ऐकलंस का," सासूबाई म्हणाल्या. "छान आहे म्हणे. मग सकाळी बरणीचं झाकण उघडायला मला कशाला हाक मारतेस?"

वहिनीचा चेहरा उतरला. आपण घरात उगाच नाजूकपणा करतो की काय, असे तिला वाटलेले मला दिसले. मला त्या वेळी जीभ असती तर मी घाईरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

कार्यालयात आकड्यांचे दोनच भाग करत, 'ठीक' आणि 'कमी'. पत्रा गल्लीतले झाडून सगळे हात 'ठीक' आले. ठीक हाताचे वजन शून्य. शून्याला कितीही वर्षांनी गुणले तरी शून्यच. साहेबांनी कागद चाळले आणि ते खूश झाले. "एकही आकडा इकडचा तिकडे नाही. याला म्हणतात काम." वस्तीभर सगळ्यांची मूठ एकसारखी कशी, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नाही. त्यांना हवे ते उत्तर आले होते.

बाई भांडायला आल्या. "माझ्याकडे येणारे हात मी रोज मोजते. नऊ, सात, बारा. ते कसे ठीक?"

"तुमच्याकडे येतात ते वाईटातले वाईट," साहेब शांतपणे म्हणाले. "इस्पितळात बसून वस्ती दिसत नाही, बाई. वस्तीत जाऊन बघितलं तर चित्र वेगळं निघालं. म्हणूनच तर पाहणी करतात."

पुन्हा बरोबर मुद्दा, पुन्हा चुकीच्या ठिकाणी. बाईंची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्यांचे गुडघे बघायला झाली. खोलीला कुलूप लागले. मी वरच कार्यालयाच्या कपाटात राहिलो, फायलींच्या गठ्ठ्याखाली तोंड दाबून. लाल सुई बेचाळीसवरच होती.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी कपाटाच्या दारापलीकडून मला वहिनीचा आवाज ऐकू आला. ती सासूबाईंना घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभी होती आणि बसा म्हटले तरी बसत नव्हती.

"खोली कधी उघडणार?"

"ती बंद झाली. गरज नव्हती."

"मी रोज येऊन कुलूप बघून जात होते. घरी करते मी व्यायाम, पण बोटं आत चाललीत. बोटं सरळ ठेवायची पट्टी सैल झालीय, ती बदलायची कोणी? मुकादम म्हणतो, खोली बंद झाली म्हणजे तुम्ही बऱ्या झालात, प्रेसवर या नाहीतर नाव काढतो."

"हे बघा बाई, तुमच्या सगळ्या गल्लीचे हात मोजलेत आम्ही. सगळे ठीक आले."

"माझाही मोजला होता."

"मग तोही ठीकच असणार."

वहिनीने हात टेबलावर ठेवला. तीन बोटे तळव्याकडे वळली होती. साहेबांनी त्या हाताकडे पाहिले आणि मग खिडकीकडे पाहिले.

"आत्ता मोजा," वहिनी म्हणाली.

बोलण्यात वेळ घालवण्यापेक्षा मोजून वाटेला लावावे, असा साहेबांनी विचार केला असणार. घाईरावांना हाक गेली. मला कपाटातून काढले, धूळ फुंकली. घाईरावांनी सवयीप्रमाणे गाल फुगवून दाबून दाखवले आणि मला वहिनीच्या हातात दिले. तिने आखडलेली बोटे डाव्या हाताने एकेक करून माझ्या दांड्याभोवती बसवली. त्याला जरा वेळ लागला. घाईरावांना तेवढा वेळ कुठला. त्यांनी तबकडीत डोकावले.

"बेचाळीस," ते म्हणाले. "बघा साहेब. ठीक."

"मी अजून दाबलंच नाही," वहिनी म्हणाली.

मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग दाबू नकोस. न दाबता बेचाळीस येतात तर दाबून उगाच कमी व्हायचे."

वहिनी हसली नाही. "तोंड माझ्याकडे करा याचं," ती घाईरावांना म्हणाली. घाईराव साहेबांकडे बघू लागले. तिने मला स्वतःच टेबलावर फिरवले आणि पहिल्यांदाच माझ्या तबकडीकडे नीट पाहिले. काळी सुई शून्यावर होती. लाल सुई बेचाळीसवर.

"हा आकडा कोणाचा आहे?"

घाईरावांनी नकळत आपला उजवा हात पाठीमागे नेला.

आता साहेब काय म्हणाले असतील ते ओळखा पाहू. ते म्हणाले, "यंत्र जुनं आहे. बिघडलेलं दिसतंय."

मित्रांनो, माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्या क्रीडा महाविद्यालयातली मुले निदान वयाने कोवळी होती. वहिनी तिथून हलेना आणि सासूबाईंनी तर भिंतीला टेकून बसकण मारली. कार्यालयातल्या एका कारकूनबाईंनी कोणाला न विचारता हातवाल्या बाईंना फोन केला. बाई आल्या त्या धापा टाकत आल्या. साहेबांचे बिघडलेल्या यंत्राचे पुराण त्यांनी पुरते ऐकूनही घेतले नाही. कारखान्यात जन्माच्या वेळी टांगले होते तसे त्यांनी मला उलटे टांगले, पाण्याने भरलेला कॅन आधी इस्पितळाच्या काट्यावर तोलला आणि मग माझ्या दांड्याला अडकवला. दोघांचा आकडा सारखा आला. मग बटण फिरवून "शून्य" म्हणाल्या आणि मला वहिनीकडे दिले. तिने दाबले. पाच. 

"यंत्र चांगलं आहे," बाई म्हणाल्या. एवढे बोलून त्या घाईरावांकडे अशा बघत राहिल्या की ते पाणी प्यायला निघून गेले.

पाहणी पुन्हा करावी लागली. साहेबांना ती नको होती, पण आठ-दहा माणसांसमोर न दाबता बेचाळीस निघाले होते आणि ते झाकायचे कशाने? तरी त्यांनी जमेल तेवढा वेळ काढला. आधी मंजुरी, मग मंजुरीची मंजुरी, मग घाईराव रजेवर. या वेळी प्रत्येक घरी तबकडी दोघांना दिसेल अशी धरायची आणि मोठ्याने शून्य म्हणायचे असे ठरले. घाईराव गल्लीभर शून्य शून्य करत फिरले आणि पोरे त्यांच्या मागे चिडवत फिरली. मला त्यांची दया आली नाही. हातांचे खरे आकडे आले, भार दिसला, तक्त्यातली ती ओळ तळातून उठून वर चौथ्या जागी गेली. पहिल्या पाहणीबद्दल साहेबांनी अहवालात लिहिले, 'यंत्रातील तांत्रिक दोषामुळे'. ते वाक्य अजून तिथे आहे. अहवाल जपून ठेवतात, म्हणजे मी मोडीत निघाल्यावरही ते राहील.

खोली उघडली त्या दिवशी पहिली वहिनीच आली. सासूबाई दाराशी थांबल्या. बाईंनी वहिनीचा हात घेतला, गरम मेणात बुडवला, बाहेर काढून पुसला आणि एकेक बोट उघडायला बघितले. बराच वेळ त्या ते करत राहिल्या.

"बोला," वहिनी म्हणाली.

"धरलेत सांधे. आता फार उघडायचे नाहीत."

"तुम्ही म्हणाला होतात, सहा-आठ महिने हातातले आहेत."

"हो."

"मग ते कुठे घालवले मी? मी तर दारात येत होते."

बाईंनी माझे बटण फिरवले. या वेळी त्या शून्य म्हणाल्या ते अगदी हळू. वहिनीने मला धरले, तबकडी आपल्याकडे केली आणि दाबले. चार. इजा होऊन नुकती खोलीत येऊ लागली होती तेव्हाच्या जवळपास. बाईंनी आकडा लिहिला.

"हा वर जाणार का? साहेबांकडे?"

"जाणार. तुमच्या हाताचं वजन आता जास्त धरतील. असे हात आहेत म्हणूनच खोली राहणार आहे."

"म्हणजे माझा हात गेला म्हणून खोली राहिली."

बाई खाली मान घालून मेणाचे भांडे झाकत होत्या.

"यात प्रेसचं किती आणि कुलपाचं किती?" वहिनीने विचारले.

"ते वेगळं काढता येत नाही."

"का नाही येत?"

"हात एकच आहे, वहिनी," बाई म्हणाल्या.

वहिनी उठली. सासूबाईंनी पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी गेल्या. कापड कापणारीची जागा केव्हाच भरली होती. 

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी यंत्राने मुलांना काळजी घ्या असे सांगायचे असते. सांगतो. माझी धूळ पुसली नाही तरी चालेल, मला तेल दिले नाही तरी मी कुरकुरणार नाही. पण तुमच्यातले काही उद्या साहेब होणार, काही घाईराव होणार, ते मला तुमच्या तोंडांवरून दिसतेच आहे. लोकांचे दुखणे मोजायला गेलात तर आधीच्या माणसाचा आकडा पुसून जा, आणि तबकडी ज्याचा हात आहे त्याच्याकडे करा. एवढे जमणार नसेल तर कृपा करून घरी बसा आणि कोणालाही मोजू नका. कोणी मोजत नव्हते तेव्हा ती खोली निदान उघडी होती.